कणेरीचं म्युझियम की चालू गुऱ्हाळ?

पाहुण्यांना जुनं गाव दाखवायचं तर कोल्हापुरात दोन वाटा. एक, कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम. शहरापासून 10-12 किलोमीटर. तिकीट काढा, हिंडा. माणसाएवढे सिमेंटचे पुतळे, कुंभार, लोहार, सुतार आपापल्या कामात. पोरांनी "मोट म्हणजे काय?" विचारलं की नुसतं बोट दाखवायचं. भर उन्हात मात्र नको.

दुसरी वाट गुऱ्हाळाची. ती ऊसतोड सुरू झाल्यावरच, आणि मालकाला विचारून. चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, चिपाडं धडधडतात, काहिलीत, म्हणजे भल्या मोठ्या कढईत, रस उकळतो. भेंडीचं पाणी पडलं की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती काढत राहायची. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो. जमली की काहील उतरवून गूळ निवायला वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात. ही घाई पुतळ्यात कुठून येणार? कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांच्या जोरावर. धग सोसावी लागते, पोरांचा हात सोडायचा नाही.

आजी-आजोबा आणि चिल्लीपिल्ली सोबत असतील तर कणेरी. एरवी मी गुऱ्हाळच म्हणेन, शिवाय निघताना काकवीची, म्हणजे पातळ गुळाची, बाटली मिळते.