महाराष्ट्राची आर्थिक पाहणी: प्रकरणं चाळा, तक्ते वाचा

‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर विधिमंडळात मांडली जाते, दोन दिवस बातम्यांत गाजते आणि कपाटात जाते. नियोजन विभागाचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती मराठी-इंग्रजी दोन्हींत काढतं, पीडीएफ फुकट मिळते. राज्याबद्दलचे इतके आकडे एकाच ठिकाणी दुसरीकडे क्वचितच सापडतात. फक्त वाचायची रीत ठाऊक हवी, नाहीतर हेच पुस्तक तोंडघशी पाडतं.

उदाहरणादाखल ७ मार्च २०२५ ला मांडलेली २०२४-२५ ची पाहणी घ्या. वाढीचा दर ७.३ टक्के आणि दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये, हे दोन आकडे सगळीकडे शेजारी शेजारी छापून आले. यातला पहिला २०११-१२ च्या स्थिर किमतींवरचा, म्हणजे महागाई वगळून काढलेला, तर दुसरा चालू किमतींचा, म्हणजे त्यात महागाईही मिसळलेली. शिवाय दोन्ही अग्रिम अंदाज, वर्ष संपायच्या आधीच बांधलेले. पुढच्या पाहण्यांत ते बदलत जातात. म्हणून पाच वर्षांचा आलेख काढताना पाच पुस्तकांतून एकेक आकडा उचलू नका, सर्वांत ताज्या पुस्तकातली सलग मालिका घ्या.

लोकवित्ताचं, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचं प्रकरण सर्वांत फसवं. पाहणी आधी येते, अर्थसंकल्प नंतर. त्यामुळे चालू वर्षासाठी इथे मूळ अर्थसंकल्पीय अंदाजच वापरलेले असतात. २०२४-२५ ची महसुली तूट (महसुली उत्पन्नापेक्षा जास्त झालेला महसुली खर्च) या हिशेबाने २०,०५१ कोटी रुपये होती. १० मार्चला अर्थसंकल्प आला, त्यात सुधारित अंदाज २६,५३६ कोटी. तीन दिवसांत साडेसहा हजार कोटी कुठून वाढले, असं वाटू शकतं. वाढ वर्षभरातली, पण पाहणीच्या रकान्यात तिला जागाच नव्हती. तूट आणि कर्ज यांवर लिहायचं असेल तर दोन-तीन दिवस थांबा आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तिका उघडा.

योजनांच्या तक्त्यांत ‘डिसेंबरपर्यंत’ हा शब्द शोधा. नऊ महिन्यांचा खर्च मागच्या पूर्ण वर्षाशी ताडून ‘योजनेला कात्री’ असा मथळा देणारे कमी नाहीत. तळटीप बारीक टायपात असते, सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

परिशिष्टातलं जिल्हा उत्पन्न हा या पुस्तकाचा खरा ऐवज. मुंबई आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्यातली दरी इथे एका पानावर दिसते. पण पद्धत समजून घ्या: उत्पन्न जिथे निर्माण झालं त्या जिल्ह्याच्या नावावर, आणि भागाकार तिथे राहणाऱ्या लोकसंख्येने. विरारहून चर्चगेटला कामाला जाणाऱ्याची कमाई तत्त्वतः मुंबईच्या खात्यात, तो स्वतः मात्र राहत्या जिल्ह्याच्या छेदात. चंद्रपूरच्या वीज केंद्रांमुळे जिल्ह्याचा आकडा फुगतो, घराघरांतलं उत्पन्न तेवढं नसतं. वर लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेवरून पुढे ताणलेली. हा तक्ता राहणीमानाचा पुरावा म्हणून वापरू नये.

शहरांच्या बाबतीत पाहणी चक्क निराश करते. २०११ लाच राज्याची ४५ टक्के वस्ती शहरी होती, तरी पाहणीच्या शहरांवरच्या पानांत वाचायला मिळतं ते अमृत (शहरी पाणीपुरवठा-मलनिस्सारणाची केंद्रीय योजना), स्वच्छ भारत, आवास योजनेची मंजुरी आणि निधी. नळाला किती तास पाणी येतं, किती सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जातं, हे शोधायला महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आणि तिचंच अंदाजपत्रक गाठावं लागतं. वर्णनात्मक प्रकरणंही बरीचशी योजनांची जंत्री आहेत. सोडली तरी चालतं.

पीडीएफची एक कटकट: जुन्या फाँटमधल्या मराठी खंडांतला मजकूर कॉपी केला की अक्षरांचा चुराडा होतो. तक्ते हवेत तर इंग्रजी प्रत वापरा, मराठी संज्ञांसाठी मराठी प्रत शेजारी ठेवा.

आणि काम एकाच जिल्ह्यापुरतं असेल तर सुरुवात इथून करूच नका. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आधी मिळवा, तालुकानिहाय तक्ते त्यात असतात.