काउन्सेलिंगचे किती घेतात? खासगी, ऑनलाइन, संस्था की कोर्टातलं, लग्नाच्या समुपदेशनाचा खरा हिशोब

परवा मामेबहिणीचा फोन आला. लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची, आणि गेले आठ-दहा महिने दोघं घरात फक्त मुलीबद्दल आणि बिलांबद्दल बोलतात, बाकी काहीच नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही दोघं गेला होतात ना त्या काउन्सेलरकडे, किती घेतात गं?" हा प्रश्न विचारायला तिला किती धीर लागला असेल ते मला माहितीये. आणि पैशाचा प्रश्न खराच आहे, पुण्यात घराचा हप्ता, शाळेची फी भरून महिन्याला पाच-सहा हजार बाजूला काढणं सगळ्यांना जमत नाही. तर तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण आम्ही गेलो तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं आणि त्यात आमचे पैसेही गेले आणि चार महिनेही.

सगळ्यात आधी एक, नुसता सेशनचा रेट विचारून काहीच कळत नाही. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो तिथे ९०० रुपये होते, दुसरीकडे १,८००. साहजिकच ९०० वाली निवडली. सेशन ४५ मिनिटांचं, त्यातली पहिली दहा मिनिटं मागच्या वेळी काय झालं ते आठवण्यात जायची, मग नवऱ्याचं थोडं ऐकायचं, माझं थोडं ऐकायचं, आणि कुठेतरी विषयाला हात घातला की वेळ संपली. पाच वेळा गेलो, ४,५०० गेले, आणि शेवटच्या वेळी त्या बाई मला म्हणाल्या की बाईनेच थोडं सांभाळून घ्यावं लागतं. घरी येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. त्यानंतर दोन महिने कुठेच गेलो नाही, नवरा म्हणायला लागला की यात काही अर्थच नाही.

मग १,८०० वाल्यांकडे गेलो. तिथे सेशन ७५ मिनिटांचं होतं. आता हिशोब करा, पहिलीकडे मिनिटाला २० रुपये पडत होते, दुसरीकडे २४. रेट दुप्पट दिसत होता पण फरक मिनिटाला ४ रुपयांचाच. जोडप्याच्या सेशनला ४५ मिनिटं कमी पडतात हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगते, दोन माणसांचं ऐकायचं असतं, एक रडायला लागलं तर थांबायचं असतं, आणि उघडलेला विषय थोडातरी मिटवून घरी पाठवायचं असतं. तिथे एकत्र ९ सेशन झाले, शिवाय प्रत्येकाचं एकेक वेगळं १,२०० चं. म्हणजे १६,२०० आणि २,४०० मिळून १८,६००. पण हे पैसे काही महिन्यांत पसरून गेले, पहिले चार सेशन दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, शेवटचे दोन सेशन एकेक महिन्याच्या अंतराने. त्यामुळे महिन्याचा भार पहिल्यांदाच काय तो ७,००० च्या वर गेला, नंतर उतरत गेला. म्हणून पहिल्या फोनवर विचारायचं ते असं, एक सेशन किती मिनिटांचं, साधारण किती लागतील, आणि दोन सेशनमध्ये किती दिवस ठेवता.

हे आकडे पाच वर्षांपूर्वीचे. आता बहिणीने फोन केले तेव्हा तिला १,२०० पासून ३,५०० पर्यंत काहीही ऐकायला मिळालं. एवढा फरक का पडतो? एक म्हणजे शिक्षण. आपल्याकडे मॅरेज काउन्सेलर अशी पाटी लावायला वेगळं लायसन्स लागत नाही, त्यामुळे एमए सायकॉलॉजी करून वर जोडप्यांसोबत काम करायचं ट्रेनिंग घेतलेले पण तीच पाटी लावतात आणि थोड्या दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेले पण तीच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर मात्र रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, ती विचारायला अजिबात लाजू नका. पण क्लिनिकल म्हणजे जोडप्यांसाठी चांगलाच असंही नाही, एकट्या माणसाच्या नैराश्यावर उत्तम काम करणारा दोघांच्या भांडणात गोंधळू शकतो. गॉटमन पद्धत किंवा इमोशनली फोकस्ड थेरपी असं खास जोडप्यांचं शिक्षण ज्यांचं असतं ते महाग असतात आणि मला विचाराल तर तिथे जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही.

बाकी कारणं साधी आहेत. कोरेगाव पार्कातल्या क्लिनिकचं भाडं तुमच्या फीमध्ये असतं, चिंचवडमधल्याचं कमी असतं. शनिवार-रविवारचे आणि संध्याकाळी सातनंतरचे स्लॉट काहीजण जास्त पैशाने देतात. आणि रद्द करायचा नियम नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी २४ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी कापतात, लहान मूल असलेल्या घरात हे एकदातरी होतंच. दहा सेशनचं पॅकेज डिस्काउंटमध्ये देतात तिथे पहिल्याच दिवशी सगळे पैसे भरू नका, दोन सेशन सुटे घ्या, दोघांनाही माणूस पटला तर पुढचं. उलट फी जड जातेय असं सरळ सांगितलं तर काहीजण उत्पन्नाप्रमाणे कमी करतात, किंवा सिनियरच्या देखरेखीखाली शिकणाऱ्यांकडे कमी पैशात पाठवतात. मागितल्याशिवाय हे कोणी स्वतःहून सांगत नाही.

ऑनलाइनचं काय? रेट थोडा कमी असतो आणि जायचा-यायचा वेळ, पेट्रोल, मुलांना सांभाळायला कोणी बघणं हे सगळं वाचतं. नवरा दुबईत किंवा जहाजावर आणि बायको सांगलीत, अशा जोडप्यांना तर दुसरा मार्गच नाही. तालुक्याच्या गावातही हेच सोयीचं, तिथे काउन्सेलर सापडत नाही आणि सापडला तर तो सासऱ्यांच्या ओळखीचा निघतो. पण वन बीएचकेमध्ये सासू-सासरे बाहेरच्या खोलीत असताना मनातलं कोण बोलणार? माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन घ्यायचे, काचा वर करून, मे महिन्यात. घरात दार लावून बसता येत असेल तर ऑनलाइन चांगलं, नाहीतर तेच पैसे प्रत्यक्ष जाण्यात घाला.

अमेरिकेतल्या नात्यातल्या लोकांना इथले दर ऐकून स्वस्त वाटतं, कारण तिकडे एका सेशनला शंभर-दोनशे डॉलर सहज जातात आणि नुसतं नवरा-बायकोचं पटत नाही यासाठी इन्शुरन्स बहुतेक वेळा पैसे देत नाही. त्यामुळे बरेच जण इकडच्या मराठी काउन्सेलरशी व्हिडिओवर बोलतात. सासूबाई काय म्हणाल्या ते इंग्रजीत समजावून सांगायला लागत नाही हा फायदा खरंच मोठा आहे.

इन्शुरन्सचं आपल्याकडेही तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलाय, पण लग्नातले वाद हा आजार नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा दोघांपैकी कोणी मोठ्या कंपनीत असेल तर ईएपी, म्हणजे एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम, आहे का बघा. कंपनी बाहेरच्या काउन्सेलरचे काही सेशन फुकट देते, बऱ्याचदा जोडीदारालाही चालतात. एचआरला कळेल या भीतीने लोक वापरत नाहीत, पण सहसा कंपनीकडे कोण आलं त्याची नावं जात नाहीत, खात्री हवी तर पहिल्या कॉललाच विचारून घ्या.

आता फुकटचे पर्याय. इथे लोकांची फार गल्लत होते. फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात, १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच त्यांची सोय आहे, फी नाही. पण तिथपर्यंत पोचता तेव्हा अर्ज दाखल झालेला असतो, वकिलाचे पैसे सुरू झालेले असतात, आणि दोघंही आपापली बाजू घट्ट धरून बसलेले असतात. तिथल्या समुपदेशकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यासमोर प्रश्न असतो की हे एकत्र राहणार की वेगळे होणार आणि मुलांचं काय. तुम्ही गेली तीन वर्षं एकमेकांशी का बोलत नाही यात खोल जायला तिथे वेळ कुठून असणार? कोर्टात जायच्या आधीच समेटाचा प्रयत्न करायचा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि बाईला तर उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. महिला संस्थांची कुटुंब सल्ला केंद्रंही आहेत, तिथे फुकट किंवा नाममात्र पैशात अनुभवी कार्यकर्त्या भेटतात. पैशाची खरीच ओढाताण असेल तर मी आधी तिथे जा म्हणेन, फक्त भेटीची वेळ मिळायला थांबावं लागू शकतं.

पोलिसांकडे भरोसा सेल आहे, आणि महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, हे कक्ष टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केले आणि आज महाराष्ट्रभर आहेत. हे मारहाण, छळ, धमक्या असतील त्यांच्यासाठी. घरात हात उचलला जात असेल तर कृपा करून जोडप्याच्या सेशनच्या फीची तुलना करत बसू नका. अशा सेशनमध्ये नवऱ्यासमोर खरं बोललं की त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. आधी एकटीने विशेष कक्षात जा किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, दोन्हीला एक रुपया लागत नाही.

दारूचंही तसंच. नवरा रोज पीत असेल तर आधी त्याचे उपचार, नाहीतर सेशनमध्ये दिलेला शब्द संध्याकाळपर्यंतही टिकत नाही आणि पैसे वाहून जातात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत, त्यांना फी नसते. दोघांपैकी एकाला झोपच नाही, मरणाचे विचार येतात असं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बहिणीच्या घरात मारहाण नाही, दारू नाही, दोघांना वेगळं व्हायचं नाहीये. म्हणून तिला म्हटलं की तुम्ही खासगीच बघा, ६० मिनिटांपेक्षा कमी वेळ देणारे नकोत, आणि आत्ताच जा, कारण आम्ही दोन वर्षं अबोला धरून मग गेलो म्हणून आम्हाला ९ सेशन लागले. तिच्या नवऱ्याच्या कंपनीत ईएपी निघाला, पाच सेशन फुकट. त्यानंतर लागलं तर वारज्यातल्या एका बाईंकडे १,५०० मध्ये ७० मिनिटं, मराठीत. ईएपीचं पहिलं सेशन या शनिवारी सकाळी ११ ला आहे, मुलीला १० वाजता माझ्याकडे सोडून जाणार आहेत, जेवायला तिच्या आवडीचा वरणभात करून ठेवणार आहे.