तीन लाखांपुढची गाडी : ठेवायची की बदलायची?

चंद्र पृथ्वीपासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. माझ्या गाडीचं मीटर या आकड्याच्या जवळ आलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की आकडा जुळला की गाडी कडेला घ्यायची आणि फोटो काढायचा. प्रत्यक्षात तो कधी जुळला ते कळलंच नाही. त्या दिवशी मी चढावर होतो, पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत होता आणि माझे डोळे तापमानाच्या काट्याला चिकटलेले. सपाटीला लागल्यावर काटा उतरला, जिवात जीव आला, तेव्हा मीटर पाहिलं. चंद्र सोळा किलोमीटर मागे राहिला होता. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता, दोष निघाला एका फ्यूजचा.

जुनी गाडी चालती ठेवण्याचा अभिमान हा असा असतो, अर्धा कौतुकाचा आणि अर्धा काट्याकडे बघत बसण्याचा. तुमच्याही गाडीने तीन लाख ओलांडले असतील आणि ‘आता काढू का?’ हा प्रश्न घरात दर महिन्याला निघत असेल, तर दोन्ही बाजू मांडून ठेवतो. माझा कल गाडी ठेवण्याकडे आहे, ते लपवत नाही. पण एका बाबतीत नव्या गाडीपुढे माझी बाजू उभीच राहत नाही. तीही येईल.

आधी मीटरचा धाक काढून टाका

अमेरिकेतले विज्ञानाचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी 1966 मध्ये व्होल्वो पी1800 एस घेतली आणि 2013 मध्ये तिच्यावर 30 लाख मैल, म्हणजे सुमारे 48 लाख किलोमीटर पूर्ण केले. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांची 1976 ची मर्सिडीज 240 डी तब्बल 46 लाख किलोमीटर चालली. 2004 मध्ये त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला देऊन टाकली. या गोष्टी सांगताना लोक एक तपशील गाळतात. गॉर्डन यांनीही इंजिनाचं मोठं काम करून घेतलंच होतं आणि टॅक्सीची तर इंजिनं अनेकदा बदलली गेली. इंजिन खाली उतरतं, उघडतं, नवं बसतं. गिअरबॉक्सचंही तसंच. न बदलता टिकलं ते काय? गाडीचं अंग, म्हणजे पत्रा आणि सांगाडा.

म्हणून मीटरवरच्या आकड्यापेक्षा ते किलोमीटर कसे झाले हे विचारा. लांबच्या मोकळ्या रस्त्यांवर झालेले तीन लाख, रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांतून जमलेल्या ऐंशी हजारांपेक्षा इंजिनाला बरे. छोट्या फेरीत इंजिन नीट तापायच्या आतच बंद होतं. आत धरलेला ओलावा आणि न जळालेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल लवकर खराब होतं. लांब पल्ल्याला एकदा तापलेलं इंजिन तासन्‌तास एकाच चालीत राहतं, क्लच आणि ब्रेकही कमी झिजतात. मीटरला यातलं काहीच दिसत नाही.

खर्च : हिशेब कुठे चुकतो

‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला, म्हणजे गाडी काढा’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते मला कधीच पटलेलं नाही. जुन्या गाडीची बाजारातली किंमत जवळपास संपलेलीच असते, तिच्याशी तुलना केली तर क्लच प्लेटसुद्धा महागच वाटणार. खरी तुलना नव्या गाडीच्या एका वर्षाच्या खर्चाशी करायची. एका बाजूला जुनीचा वर्षभराचा सगळा खर्च, इंधनासकट. दुसऱ्या बाजूला नवीच्या कर्जाचं वर्षभराचं व्याज, तिचा विमा, तिचं इंधन आणि तिची त्या वर्षात घसरलेली किंमत. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. शोरूममधून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच नवी गाडी सगळ्यात वेगाने किंमत गमावते, आणि त्याचं बिल कोणी हातात देत नाही म्हणून ते टोचत नाही.

या हिशेबात बहुतेक वेळा जुनी जिंकते, पण नवीच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे. तिचा खर्च सरळ रेषेत चालतो. हप्ता किती, कधी, हे आधीच माहीत. जुनी आठ महिने काहीच मागत नाही आणि नवव्या महिन्यात क्लच, पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर आणि बॅटरी एकदम मागते. दर महिन्याला तेवढी रक्कम बाजूला टाकण्याची शिस्त असेल तर हा धक्का सोसतो, नसेल तर स्वस्त पडणारी जुनी गाडीसुद्धा कर्जात टाकते. एका वर्षाच्या बिलांवरून निर्णय घेऊ नका, निदान तीन वर्षांची सरासरी काढा. आणि एकच दुखणं तीनदा गॅरेजला गेलं असेल, तर ती रक्कम कितीही छोटी असो, तिच्याभोवती लाल गोल काढा.

गॅरेजचा विषय निघालाच आहे. माझ्या गाडीत खालून एक खडखड यायची, फक्त तिसऱ्या गिअरमध्ये. एका गॅरेजने तीन भेटींत सस्पेन्शनचे तीन भाग बदलले, खडखड तशीच. शेवटी मीच गाडीखाली सरपटत गेलो आणि सायलेन्सरच्या पाइपवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच बोटाने हलवलं. तोच आवाज! त्याचा बोल्ट गंजून गळून पडला होता. एक पाइप-क्लिप आवळली आणि काम संपलं. सांगायचं एवढंच, की जुनी गाडी ठेवायची तर तिचं ऐकून घेणारा, आधी शोधून मग खोलणारा मिस्त्री हवा. तो मिळत नसेल तर माझ्या आधीच्या परिच्छेदातला हिशेब उलटतो.

भरवसा

नवी गाडी सकाळी चावी फिरवली की सुरू होते आणि बिघडली तर वॉरंटी असते. इथे वाद नाही.

जुनीबद्दल मात्र एक गैरसमज आहे, की ती कधीही, कुठेही दगा देते. नीट पाहिलं तर तिची बहुतेक दुखणी सांगून येतात. क्लच घसरायला लागतो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही. चाकाचं बेअरिंग घुमायला लागतं आणि वळणावर आवाज बदलतो. धुराचेही रंग असतात : निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, काळा असेल तर इंधन जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलेलं असतं. ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. साईसारखा फिकट चिकट थर लागला तर पाण्याचा अंश आहे. थंडीत छोट्या फेऱ्या झाल्या असतील तर नुसत्या दवानेही असा थर धरतो, म्हणून लगेच घाबरू नका. पुसा, लांब फेरी मारा, पुन्हा बघा. कूलंटची पातळीही सोबत उतरत असेल तेव्हा घाबरा.

सांगून न येणारी दुखणी थोडी, त्यात सगळ्यात वाईट टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. तो रबरी असतो, आत झाकलेला असतो आणि बहुतेक वेळा कुरकुर न करता तुटतो. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, त्यांत बेल्ट तुटला की दोघांची टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात. त्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही दिलेली असते, जी आधी भरेल ती धरायची. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की साखळी आणि बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला, याचं उत्तर देता येत नसेल तर जुनी गाडी ठेवण्याचा अभिमान तूर्त बाजूला ठेवा.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. ही गाडी आज जागेवरून हललीच नाही तर माझं काय अडतं? घरात दुसरी गाडी असेल, किंवा उशिरा पोचलं तरी चालणार असेल, तर जुनी चालेल. रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचणं तुमच्या कामाचाच भाग असेल, घरात आजारी माणूस असेल आणि दुसरी सोय नसेल, तर नवी घ्या. इथे हौस आड येऊ देऊ नका.

सुरक्षितता : इथे मी हरतो

2017 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अँकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने 1998 ची आणि 2015 ची अशा दोन टोयोटा कोरोला 64 किलोमीटरच्या वेगात समोरासमोर धडकवल्या. समोरच्या धडकेसाठीच्या 16 गुणांपैकी नव्या गाडीला 12.93 मिळाले, जुन्या गाडीला 0.40. कंपनी तीच, मॉडेलचं नाव तेच, अंतर फक्त सतरा वर्षांचं. जुनीत चालकाची जागाच चेपली गेली.

ही चाचणी वाचल्यापासून ‘जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असायचा’ हे वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही. जाड पत्रा धडक शोषत नाही, आत पोचवतो. ऑइल बदलून, बुश बदलून, कितीही माया लावून एअरबॅग उगवत नाहीत आणि घसरती गाडी सावरणारी यंत्रणा मागाहून बसवता येत नाही. गाडीत रोज मुलं बसत असतील आणि हमरस्त्यावरचा वेग असेल, तर हा एक मुद्दा वरच्या सगळ्या हिशेबाला पुरून उरतो. मी एकटा, बहुतेक दिवसा आणि बेताच्या वेगाने जातो. तरी हे समर्थन आहे, उत्तर नाही.

एवढं मात्र करता येतं : टायर वयाप्रमाणे बदला, नक्षी शिल्लक दिसते म्हणून थांबू नका. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी वाळतात.

धूर आणि पर्यावरण

दोन्ही पक्ष इथे मोठ्या आवाजात बोलतात. चालू गाडी ठेवली की नवी बनवताना होणारं प्रदूषण वाचतं, हे खरं. पण पेट्रोल-डिझेलच्या गाडीच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा चालवण्यातूनच येतो, हेही खरं. म्हणून फार चालवणाऱ्याला नवी, कमी इंधन पिणारी किंवा विजेवरची गाडी पर्यावरणाच्या हिशेबाने परवडते. आठवड्यातून एकदा बाहेर काढणाऱ्याला जुनी, पण धूर स्वच्छ असेल तर. ऑइल जाळणारी गाडी ‘मी नवी घेत नाही, पृथ्वी वाचवतो’ म्हणून मिरवू नये.

मधला रस्ता

चार-पाच वर्षं वापरलेली गाडी. घसरण पहिल्या मालकाने सोसलेली, एअरबॅग आहेत, आयुष्य बाकी आहे. कागदावर हाच पर्याय सगळ्यात शहाणपणाचा. अडचण एकच. तिचा इतिहास दुसऱ्याच्या डोक्यात असतो. तुमच्या जुन्या गाडीची सगळी पापं तुम्हाला ठाऊक आहेत. या गाडीची शोधत बसावी लागतील.

अभिमान कशाचा

माझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक वही असते. ऑइल कधी, किती किलोमीटरवर, कोणतं. बेल्ट, ब्रेकचं ऑइल, कूलंट. पानांना बोटांचे काळे ठसे आहेत. कोणी ‘अजून चालते?’ म्हणालं की मी मीटर दाखवायचो, आता वही दाखवतो. वही नसलेली तीन लाखांची गाडी मला भेटते तेव्हा मालकाचं कौतुक वाटत नाही, गाडीचं वाटतं. तिने एवढं सगळं दुखणं अंगावर काढलेलं असतं.

तर शेवटची तपासणी, जी मी निर्णयाच्या आधी प्रत्येकाला करायला सांगतो. इंजिनाकडे जाऊच नका. गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम स्टँड लावा. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पट्टी, सस्पेन्शन जिथे अंगाला जोडलेलं असतं ती ठिकाणं आणि जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. बद्द आवाज आला तर टोकाने दाबून बघा. वरवरचा गंज खरवडून रंग देता येतो. टोक आत गेलं आणि ती जागा गाडीचा भार पेलणारी असेल, तर चांगल्या वेल्डरला दाखवा. दोन-तीन ठिकाणी गेलं, तर इंजिन कितीही गोड वाजत असो, गाडी काढा.

मी गेल्या रविवारी ठोकली. डावी बाजू घंटेसारखी. उजवीकडे मागच्या दाराखाली वितभर जागेत आवाज जरा बसका आला. टोक आत गेलं नाही. खडूने गोल केला, वहीत तारीख टाकली. सहा महिन्यांनी पुन्हा ठोकायचीय.