घोड्यांसाठी 'शुद्ध कडुलिंब तेल' विकायला कोणी आला तर आधी हे वाचा

पाचगणी, महाबळेश्वर, वाई साईडच्या सगळ्या घोडेवाल्यांसाठी लिहितोय. पाऊस ओसरला की गोमाशा आणि डास वाढतात आणि नेमका तेव्हाच हे तेल विकणारा माणूस बाटल्या घेऊन तबेल्यांवर फिरतो. लेबलवर हिरवं पान, '१००% नैसर्गिक, कडुलिंब आणि सिट्रोनेला, घोडा गाय दोघांना चालेल', लिटरला ६५० रुपये. कंपनीचा पत्ता नाही, लायसन नंबर नाही, आत काय आहे तेही नाही.

त्याने सांगितलं तसं पाण्यात घालून घोडीच्या अंगावर मारलं, माशा गेल्या, पण दुसऱ्या दिवशी घोडी सुस्त, मान खाली, चारा खाईना, लीद बंद आणि सारखी वळून पोटाकडे बघायला लागली. डॉक्टर रात्री धावत आले, पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं तर आतड्याचा आवाजच नाही, मग नाकातून नळी घालून पॅराफिन (अडकलेलं सुटायला देतात ते पातळ तेल) सोडलं, सलाईन लावलं. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलं की जीवावरच येतं. वाचली बिचारी.

डॉक्टरांनी बाटली बघितली, त्यांचा संशय अमिट्राझवर आहे. हे गाईम्हशींच्या गोचिडावरचं औषध, १२.५% वालं दुकानात मिळतं, गाईला चालतं पण घोड्याच्या आतड्याची हालचालच मंदावते, म्हणून घोड्याला द्यायचंच नसतं. आणि हे लोक तेच सुगंध घालून नैसर्गिक म्हणून विकतात, मुक्या जनावराच्या जीवाशी खेळ आहे हा!

खरं कडुलिंब तेल उग्र, लसणासारखा वास मारतं, थंडीत गोठतं आणि साबण घातल्याशिवाय पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. ह्यांचं टाकल्या टाकल्या दुधासारखं पांढरं झालं आणि सुगंधाखाली थिनरचा वास. आणि सिट्रोनेला, कडुलिंब दोन्हीचा असर काही तासच टिकतो, त्यामुळे 'एकदा मारा, आठवडाभर माशी नाही' म्हणणारा खोटंच बोलतोय.

आमच्याकडे आता कडुलिंबाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी गार करून लावतो, संध्याकाळी धुरी, आणि लीद, ओला चारा रोजच्या रोज लांब टाकतो, माशी तिथंच अंडी घालते. माशांमुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) पण पसरतो म्हणून हे टाळून चालत नाही.

बाटली फेकलेली नाही, तक्रार करतोय. कोणी घेतली असेल तर वापरू नका, जपून ठेवा आणि मला कळवा, एकट्याच्या तक्रारीला कोण विचारतं.