पुण्यात मिळकतकराची कोणती सवलत आधी मागावी?

नवीन फ्लॅटचं पहिलं बिल हातात आलं की लोक रक्कम बघतात आणि मुदतीत भरून पाच-दहा टक्के वाचवायच्या मागे लागतात. ती सवलत जरूर घ्यावी, पण ती रांगेत शेवटची आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याने आधी विचारावं: माझ्या बिलात चाळीस टक्क्यांची सवलत लागली आहे का?

ही सवलत पुणे महापालिकेत १९७० मध्ये सुरू झाली. मालक स्वतः राहत असेल तर घराच्या वार्षिक भाडेमूल्यातून, म्हणजे महापालिकेने धरलेल्या वर्षाच्या भाड्यातून, ४० टक्के वजा होतात आणि मग कर आकारला जातो. समजा भाडेमूल्य ६०,००० रुपये आहे. सवलतीने ते ३६,००० होतं, त्यातून देखभालीचे १० टक्के गेले की करपात्र मूल्य ३२,४००. सवलत नसेल तर तेच ५४,०००. बिलातली मोठी रक्कम या मूल्यावरच बसते, म्हणून हिचा परिणाम एवढा खोल.

लवकर भरण्याची सवलत पाच ते दहा टक्के असते आणि बिलातल्या फक्त सर्वसाधारण कर या एका भागावर मिळते. समजा बिलात सर्वसाधारण कर ६,००० आहे, तर जास्तीत जास्त ६०० रुपये वाचले. अर्ज नाही, पुरावा नाही. वर्षाचं पूर्ण बिल मुदतीत एकरकमी भरलं की झालं. मात्र ती दरवर्षी नव्याने कमवावी लागते.

सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचा साठा किंवा गांडूळखत प्रकल्पाची सवलतही याच पट्टीतली: एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १०. एकट्या फ्लॅटधारकाच्या हातात इथे फारसं काही नाही, सोसायटीनेच पुढाकार घ्यायला हवा. आणि प्रकल्प चालू हवा. बंद पडलेल्या खतखड्ड्याच्या जोरावर सवलत घेणाऱ्या सोसायट्यांनी पाहणीची तयारी ठेवावी.

आता पुन्हा चाळीस टक्क्यांकडे, कारण गोंधळ तिथेच झाला आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने ही सवलत रद्द केली. त्याआधीच्या जीआयएस (डिजिटल नकाशावर आधारित) सर्वेक्षणात भाडेकरू आढळल्याचं सांगून हजारो घरांची सवलत काढली गेली होती आणि फरकाची बिलं लोकांच्या दारात पोहोचली होती. त्यातली कितीतरी घरं खरोखर मालकाच्या वापरात होती. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली. ज्यांची ती गेली होती आणि ज्यांच्या घराची नोंद १ एप्रिल २०१९ नंतर झाली, त्यांच्यासाठी पीटी-३ अर्ज ठेवला. पहिली मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती पुढे वाढवली गेली. ज्यांनी जादा कर भरला होता त्यांची रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांत वळती करायचं ठरलं.

अर्ज साधा आहे, शुल्क २५ रुपये. खरा प्रश्न पुराव्याचा. सोसायटीचं 'मालक स्वतः राहतात' असं पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांपैकी काहीतरी त्याच पत्त्याचं. शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत. पेठ निरीक्षक, म्हणजे महापालिकेच्या मिळकतकर विभागाचे कर्मचारी, जागेवर येऊन बघू शकतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: ओळखपत्रावर अजून गावचा किंवा जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, मग अर्ज करा. दिल्याची पोच मागा आणि जपून ठेवा.

दोन घरं असतील तर? सवलत ज्या घरात राहता त्याच घराला. दुसरं भाड्याने दिलं असेल तर तिथे मागू नका. पाहणीत उघड झालं की मागचा फरक वसूल होतो, आणि थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. खोटा दावा करणाऱ्यांमुळेच प्रामाणिक मालकांच्या दारात तपासणी येते, हे मला फार खुपतं.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींचा मार्ग वेगळा. त्यांच्यासाठी २०२० पासून राज्याची मालमत्ता करमाफी योजना आहे. ती एकाच निवासी घराला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. घरात कोणी पात्र असेल तर चाळीस टक्क्यांचा विचार करण्याआधी हा दाखला काढा.

मुंबईत घर घेणाऱ्या नातेवाइकाचा सल्ला पुण्यात लागू पडत नाही. तिथे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना करमाफी आहे. ती क्षेत्रफळावर ठरते, कोण राहतं यावर नाही. तिथे तपासायचं ते नोंदीतलं चटई क्षेत्र.

पुण्यात जुना फ्लॅट विकत घेतला असेल, तर आधी मिळकतकराच्या नोंदीवर स्वतःचं नाव लावून घ्या. बिल आधीच्या मालकाच्या नावाने येत राहिलं तर तुम्ही स्वतः राहता हे दाखवणं अवघड जातं. नाव लागलं की पीटी-३ द्या, आणि पुढच्या बिलात करपात्र मूल्य खाली आलं का ते जुन्या बिलाशेजारी ठेवून बघा. तसंच राहिलं असेल तर पोच घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा.