आधी फावडं, मग दोर: जिम्नी आणि रिकव्हरीच्या सामानासोबतचे चौदा महिने

आमचं शेत करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून जरा आत. डांबरी रस्ता सोडला की पुढे दीड किलोमीटरची पाणंद. उन्हाळ्यात तिथून मोपेडही जाते, पण मृगाचा एक चांगला पाऊस पडला की ट्रॅक्टरवालेसुद्धा विचार करून आत शिरतात. मे २०२४ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी (फोर व्हील ड्राइव्ह गाडी) घेतली ती या पाणंदीसाठी. पुढे गोडी लागली आणि मुळशी, वेल्हे, भोर भागातल्या कच्च्या वाटा सुरू झाल्या. रुतलेली गाडी काढायचं, म्हणजे रिकव्हरीचं, सामानही एकेक करत जमत गेलं. चौदा महिने वापरून झाल्यावर त्यातलं काय कामाला आलं आणि काय नुसतं डिकीत हिंडलं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

गाडी रुतली की घरी आल्यावर वहीत टिपून ठेवायचं, ही सवय पहिल्यापासून लावून घेतली. एकूण अकरा नोंदी आहेत. पाच वेळा टायरची हवा कमी करून, आल्या चाकोरीनेच मागे येऊन गाडी निघाली. तीन वेळा फावड्याने. एकदा बोर्डांनी, म्हणजे चाकाखाली घालायच्या गुट्ट्यांच्या फळ्यांनी. दोराने ओढून काढायची वेळ फक्त दोनदा आली. पैसे मात्र मी नेमके उलट्या क्रमाने घातले होते: आधी दोर, मग बोर्ड, मग हवा भरायचा कंप्रेसर आणि सगळ्यात शेवटी फावडं.

फावडं शेवटी का आलं, त्याची गोष्ट पहिल्याच पावसातली. जुलै महिना, संध्याकाळचे सहा, पाणंदीच्या मधोमध गाडी बसली. फोर लो (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा गिअर) लावला, थोडा ॲक्सिलरेटर दिला, चाकं फिरली आणि गाडी आणखी खाली गेली. काळी माती ही अशीच. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या सगळ्या खाचा लिंपून टाकते. दोन फेऱ्यांत टायर रंध्यावर घासल्यासारखा गुळगुळीत होतो. मग चाक पुढे जात नाही, जागच्या जागी खड्डा खणत राहतं. मी खाली उतरून नवाकोरा दोर काढला आणि चुलत्यांना फोन लावला. तात्या ट्रॅक्टर घेऊन आले, पण त्यांनी दोराला हातच लावला नाही. ट्रॅक्टरवरचं फावडं घेऊन चाकासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, आधी चाकाचं तोंड मोकळं कर. रुतल्यालं चाक वडून निघत न्हाय, उकरून निघतं."

चारही चाकांपुढे हात-दीड हात लांबीचा उतार काढला. डिफरन्शियलखाली (चाकांना जोर वाटून देणारी आसावरची पेटी) अडकलेला मातीचा उंचवटा खरवडून काढला. टायरच्या खाचांतली माती खुरप्याच्या टोकाने उकरली. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग दुसऱ्या गिअरमध्ये, फोर लोमध्येच, हलक्या पायाने गाडी बाहेर आली. ट्रॅक्टर तिथे नुसता उभा होता.

तात्यांच्या त्या वाक्याला हिशेबही आहे. ढोबळ नियम असा सांगतात की चाकाइतकी गाडी रुतली तर तिला हलवायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, बॉडीपर्यंत गेली तर तिप्पट. जिम्नी रिकामी सुमारे १,२०० किलो, पूर्ण भरलेली १,५४५ किलो. म्हणजे पोटापर्यंत बसलेल्या भरल्या गाडीला साडेचार टन ओढ. अर्धा तास खणून चाकं मोकळी केली की हीच ओढ दीडेक टनावर येते. तेवढाच ताण दोरावर, शॅकलवर (दोर हुकाला जोडणारी कडी) आणि गाडीच्या हुकावर कमी पडतो. फावडं म्हणजे दोराची ताकद वाढवणारं सामान, असं मी आता समजते. माझं फावडं आमच्या आठवडी बाजारातून साडेचारशे रुपयांना घेतलेलं, दांडा कापून अडीच फुटांवर आणलेलं. घडी घालायची छोटी फावडीही वापरून पाहिली. तिसऱ्या वेळी बिजागरी ढिली झाली आणि काळ्या मातीत पातं वळलं. ती घेऊ नका.

आता हवेबद्दल, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. हवा कमी केली की टायर आडवा फुगतो त्यापेक्षा जमिनीवर लांबीला जास्त पसरतो, आणि दगडावरून जाताना त्याच्यावर ताठपणे आपटण्याऐवजी त्याला वेढून घेतो. मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटेवर मी १८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते, चिखल-वाळूत १५-१६. बाराच्या खाली जात नाही. वळताना टायरची बीड (रिमला धरून बसणारी कड) रिमवरून सुटायची भीती असते. हवा कमी असताना वेगही तीसच्या आत. जिम्नीचे मूळ १९५/८० आर १५ टायर चिखलासाठी बनवलेले नाहीत, तरी सुरुवातीला ते बदलायची काहीही घाई नाही. पहिले सहा महिने मूळ टायर आणि कमी हवा यांवरच काढा, मग गाडी कुठे कमी पडते ते तुमचं तुम्हाला कळेल.

कंप्रेसर साधारण पाच हजारांचा, बॅटरीला थेट चिमट्यांनी लावायचा. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप घेऊ नका. मोठ्या पंपाला लागणारा करंट त्या सॉकेटचा फ्यूज सोसत नाही आणि लहान पंप एकेका टायरला जीव काढतो. माझा चारही टायर १६ वरून २८ वर न्यायला वीस मिनिटांच्या आसपास घेतो, इंजिन चालू ठेवून. तक्रार एकच: तिसऱ्या टायरपर्यंत नळीचं पितळी तोंड इतकं तापतं की हातमोज्याशिवाय सोडवता येत नाही. सोबत आलेला हवा मोजायचा गेज तीन पीएसआय जास्त दाखवत होता, हे चार महिन्यांनी दुसऱ्या गेजशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं. म्हणजे पंधरा समजून मी बारावर फिरत होते. वेगळा, चांगला गेज पहिल्या दिवशीच घ्या.

दोराबाबत माझा सगळ्यात महाग धडा आहे. ओढायचे दोन प्रकार असतात आणि दुकानात ते एकाच खुंटीला टांगलेले असतात. पॉलिएस्टरचा टो पट्टा जवळजवळ ताणतच नाही; तो बंद पडलेली गाडी रस्त्यावरून सावकाश ओढत न्यायला. कायनेटिक दोर नायलॉनचा, तो तीस टक्क्यांपर्यंत ताणतो आणि साठवलेला जोर हळूहळू रुतलेल्या गाडीला देतो. टो पट्ट्याने धावत झटका दिला तर तो झटका थेट हुकावर बसतो. इथवर मला माहीत होतं. पण विक्रेत्याने "जाड तितका मजबूत" म्हणून २२ मिमीचा दोर दिला आणि मी घेतला. त्याची तुटण्याची क्षमता बारा टनांच्या वर. बाराशे किलोची गाडी एवढा जाड दोर पुरेसा ताणूच शकत नाही. फेब्रुवारीत भोरजवळच्या एका ओढ्याच्या काठावर मैत्रिणीची जिम्नी काढताना मानेला जो हिसका बसला, त्यावरून समजलं की हा दोर आमच्यासाठी टो पट्ट्यासारखाच वागतो आहे. आता १९ मिमीचा, साधारण साडेआठ टनांचा, नऊ मीटर लांबीचा आहे. दुसऱ्या वेळी तोच वापरला. ओढ लागताना गाडी आधी थबकते, मग कोणीतरी मागून ढकलावं तशी अलगद निघते. हलक्या गाडीला दोरही हलका हवा, हे कुठल्याही दुकानात मला सांगितलं गेलं नव्हतं.

ओढताना दोर दोन्ही गाड्यांमध्ये सापासारखा सैल सोडायचा, एक-दीड मीटर, त्याहून जास्त नाही. ओढणारी गाडी चालण्याच्या वेगानेच निघाली पाहिजे. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे "जरा जोरात घे" हे वाक्य त्या ठिकाणी कोणी उच्चारू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. बघे दोराच्या दीडपट लांबीच्या पलीकडे, आणि दोराच्या रेषेत तर कोणीच नाही. ओला नायलॉन ताकदीला कमी पडतो, आणि लागोपाठ ताणला की त्याचा लवचिकपणा परत यायला वेळ लागतो, म्हणून दोन ओढींच्या मध्ये थांबायचं.

आता हुक. मुळशीत भातखाचरांच्या कडेला एका ओळखीच्या गृहस्थांची शहरी एसयूव्ही अडकली होती. बंपरमधलं झाकण काढून आटे फिरवून बसवायचा जो टो आय (ओढायची कडी) असतो, त्याला दोर लावला. पहिल्याच ओढीत तो आय बोटासारखा वाकला. तो तिथेच राहिला म्हणून बरं. सुटला असता तर दोराच्या टोकाला बांधलेलं पाव किलो लोखंड आमच्या काचेतून आत आलं असतं. तो आय बंद गाडी सपाट रस्त्यावर ओढायला दिलेला असतो, चिखलातून उपटायला नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) दोर अडकवणं त्याहून वाईट. तो तुटून उडाल्याने इतर देशांत माणसं गेली आहेत. त्या दिवशीपासून माझा नियम आहे: समोरच्याच्या गाडीखाली स्वतः वाकून, चॅसीला बोल्टने घट्ट बसवलेला हुक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोर द्यायचा नाही. नाही सापडला तर खणायचं, बोर्ड लावायचे, नाहीतर ट्रॅक्टरची वाट पाहायची. समोरचा नाराज होतो, होऊ द्या.

शॅकलमध्ये लोखंडी आणि सॉफ्ट (धाग्यांच्या दोरीचा) दोन्ही आहेत. लोखंडी घेताना अंगावर ठोकलेला आकडा बघा: ४.७५ टी म्हणजे पावणेपाच टन रोजचा कामाचा भार, तुटण्याचा त्याच्या कितीतरी पट. आकडा नसलेला शॅकल हा नुसता लोखंडाचा तुकडा. पिन पूर्ण आवळून मग पाव आटा मागे घ्यायची, नाहीतर ओढीनंतर ती हाताने फिरत नाही. सॉफ्ट शॅकल मात्र माझ्या विशेष आवडीचा झाला आहे. मूठभर वजन, पाण्यावर तरंगतो, काही सुटलंच तरी लोखंडासारखा गोळा होऊन उडत नाही. चौदा महिन्यांनी त्याच्या एका बाजूला लव आली आहे, गोधडीच्या जुन्या टाक्यांसारखी. ती हुकाच्या धारदार कडेवर घासल्याने आली. आता कडेवर जुन्या पाइपचा तुकडा चढवते. आणि ओढ्यातून आल्यावर बादलीत साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते, कारण धाग्यांत शिरलेली वाळू आतून कापत राहते.

बोर्डांवर माझं मत जरा विभागलेलं आहे. वाळूत आणि मऊ मुरमात उत्तम. काळ्या मातीत ते स्वतःच गाडले जातात. एकदा बोर्ड शोधायला पाऊण तास खणलं. तेव्हापासून दोन्हींना काथ्याची लांब दोरी बांधलेली असते. पहिली जोडी स्वस्तातली होती. एकदाच चाक फिरलं आणि वरच्या गुट्ट्या वितळून सपाट झाल्या. चूक ॲक्सिलरेटर देणाऱ्याचीही असते, पण चांगल्या नायलॉनच्या बोर्डांनी तशीच चूक नंतर सोसली. बोर्ड चाकासमोर नुसता टाकायचा नसतो. आधी खणून, चाकाच्या खाली टोक घुसेल असा तिरका बसवायचा. म्हणजे पुन्हा फावडं.

हाय-लिफ्ट जॅक (गाडी बंपरला धरून उंच उचलणारा) घेतला नाही. जिम्नीच्या प्लास्टिक बंपरला त्याला धरायला जागा नाही आणि तो सटकला की हात वाचत नाही. बाटली जॅक आणि खाली बाभळीची जाड फळी एवढ्यावर माझं भागतं. विंचही (मोटरने दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नको. वजन पुढे वाढतं, आणि त्यासाठी बुलबार (बंपरपुढची लोखंडी चौकट) लावायचा म्हटलं तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचं कळवलं आहे.

गाडीबद्दल थोडंसं. २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स आपल्या वाटांना पुरतो, पण पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २,५९० मिमी आहे, तीन दारांच्या जिम्नीपेक्षा बराच लांब. त्यामुळे बांध ओलांडताना पुढची चाकं उतरतात आणि पोट टेकतं. सरळ चढण्याऐवजी तिरकं जावं लागतं. एखादं चाक हवेत गेलं की ब्रेकवर चालणारी यंत्रणा ते चाक धरते आणि जोर दुसऱ्याकडे जातो. त्यासाठी ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागतो, क्षणभर काहीच होत नाहीसं वाटतं, मग गाडी हलते. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका, पुढच्या-मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने ट्रान्समिशन आवळलं जातं.

कुठे शिकावं? गावची पाणंद, खडी क्रशरकडे जाणारा मुरमाचा रस्ता, परवानगी घेऊन ओळखीच्याची पडीक जमीन. एकटं जाऊ नये, दोन गाड्या तरी असाव्यात. सड्यांवर (कातळाच्या सपाट पठारांवर) मात्र गाडी घालू नका, ही कळकळीची विनंती. कातळावरची ती बोटभर माती पावसाळ्यात फुलते आणि एका गाडीच्या चाकोऱ्या पुढच्या कित्येक पावसाळ्यांत बुजत नाहीत. अभयारण्यात परवानगीशिवाय जायचंच नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदी आहे, आणि कोकणातही भरतीच्या ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीसाठी समुद्र वाट बघत बसत नाही.

२२ मिमीचा तो जाड दोर मी तात्यांना दिला. दोन टनांच्या ट्रॅक्टरला तो बरोबर लागतो. तो ते खालच्या ड्रॉबारलाच बांधतात, वरच्या लिंकला कधीच नाही, कारण उंचावरून ओढ आली की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. गेल्या महिन्यात उसाची ट्रॉली त्याने काढली, तीही आधी चाकं उकरून. माझ्या डिकीत आता फावडं सगळ्यात वर असतं, कारण डिकी उघडल्यावर पहिल्यांदा तेच लागतं. लव आलेला सॉफ्ट शॅकल या आठवड्यात बदलते आहे.