पोलराइज्ड म्हणून साधं तपकिरी प्लास्टिक गळ्यात मारलं: मासेमारीचा गॉगल घेण्याआधी हे वाचा

सारंगखेड्याच्या यात्रेत मासेमारीचा खास गॉगल म्हणून मला जे विकलं गेलं, ते पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारं, नव्हतंच. रंग दिलेलं साधं प्लास्टिक होतं. माझे ८५० रुपये गेले त्याचं वाईट वाटतंच. पण त्याच स्टॉलवरून तापीत जाळं टाकून घर चालवणाऱ्या पोरांनीही तेच गॉगल घेतले होते, आणि त्यांच्यासाठी ८५० रुपये म्हणजे घरातला किराणा आहे. संताप त्याचा येतो. असे स्टॉल एका गावी टिकत नाहीत. आज या यात्रेत, उद्या दुसऱ्या. म्हणून त्यांची पद्धत जशीच्या तशी सांगतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोडेबाजारासाठी लांबलांबून लोक येतात, आणि गाव तापीच्या काठावरच. तिथल्या बॅरेजचं, म्हणजे बंधाऱ्याचं, पाणी पाहायला येणाऱ्यांत गळ टाकणारे, भोई, कोळी, सगळेच असतात. मासेमारीचा माल विकायला याहून चांगली जागा नाही. स्टॉलवर मोठा फ्लेक्स होता: ‘पाण्यातला मासा दिसणार, गॅरंटी!’ टेबलावर एक गॉगल दोरीने बांधून ठेवलेला आणि त्याच्याजवळ पोस्टकार्डाएवढं एक चित्र. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर फक्त नदी. गॉगल लावला की त्याच नदीत मासा उमटतो. पाच माणसं उभी असली तर पाचही जण हरखून जातात, आणि हे कार्ड खोटं नसतं. दोरीला बांधलेला तो गॉगलही खरा पोलराइज्ड असतो. फसवणूक पुढे सुरू होते.

विकायचा माल बंद डब्यात. डब्यावर ‘पोलराइज्ड, यूव्ही ४००, फिशिंग’ असं छापलेलं, आणि आतल्या दोन्ही काचांवर मोठाले स्टिकर. घालून बघतो म्हटलं की उत्तर तयार: “स्टिकर काढला की गॅरंटी संपली, साहेब. पीस तोच आहे, तुम्ही आत्ताच बघितला ना.” म्हणजे जो तपासला तो मिळत नाही, आणि जो मिळतो तो तपासता येत नाही. गिऱ्हाइकाला घाई व्हावी म्हणून मागे एक पोरगा ओरडत असतो की शेवटचे दहा पीस राहिले. बिल मागितलं तर एक छापील चिठ्ठी मिळते. तिच्यावर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, फक्त एक मोबाइल नंबर. तो नंबर यात्रा उठल्यापासून बंद आहे.

खरं काय ते बॅरेजच्या वरच्या अंगाला, काठावर कळलं. थंडीत पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं, आणि सकाळी नऊ-साडेनऊच्या उन्हात त्याच्यावर पत्रा अंथरल्यासारखी चमक असते. माझ्या नव्या गॉगलमधून ती चमक तशीच होती, फक्त तपकिरी. शेजारी एक भोई दादा होते. त्यांच्या सुरतेच्या पाहुण्यांनी आणून दिलेला जुना, एका दांडीला तार गुंडाळलेला गॉगल त्यांच्या डोळ्यांवर होता. ते बोट करून मासे दाखवायला लागले आणि मला काहीच दिसेना. “माले ते दिखी राहिना” (मला तर दिसतंय), असं म्हणून त्यांनी स्वतःचा गॉगल काढून माझ्या हातात दिला.

तो लावला आणि पाण्यावरची चमक गेली. गुडघाभर पाण्याखाली गोटे दिसले, गोट्यांवरचं शेवाळ दिसलं, एका दगडाला गुंडाळून राहिलेला कुणाचा तरी तुटका तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि त्याच्या टोकाचं शिसंसुद्धा दिसलं. त्या शिशाच्या पलीकडे हातभर अंतरावर चार-पाच चिलापी उभ्या होत्या, तोंड प्रवाहाकडे. माझा गॉगल लावला, सगळं गायब. परत त्यांचा लावला, सगळं हजर. दादांनी माझा गॉगल हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि एवढंच म्हणाले, “हाऊ चष्मा कामना नही, भाऊ.”

यामागचं शास्त्र थोडं समजून घेतलं की दुकानदाराला पुढच्या वेळी आपल्याला फसवता येणार नाही. सूर्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी कंप पावत येतो. पाण्यासारख्या आडव्या पृष्ठभागावरून तिरका परावर्तित झाला की त्यातला बराचसा प्रकाश आडव्या दिशेनेच कंप पावतो. डोळे दिपवते ती चमक म्हणजे मुख्यतः हाच आडवा प्रकाश. परावर्तनाने प्रकाशाला अशी दिशा मिळते हे फ्रान्सच्या मालूसने १८०८ साली पाहिलं, आणि कोणत्या कोनात ती सर्वात जास्त मिळते त्याचा नियम स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने १८१५ साली मांडला. पाण्यासाठी तो कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश. सोप्या भाषेत, काठावर उभं राहून थोडं पुढच्या पाण्याकडे तिरकं पाहिलं की गॉगलचा गुण सर्वात जास्त कळतो. पायाखाली सरळ पाहिलं तर फारसा फरक पडत नाही. पोलराइज्ड काचेत एक पातळ पडदा असतो, तो उभा प्रकाश आत सोडतो आणि आडवा अडवतो. असा स्वस्तात बनणारा पडदा अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास तयार केला आणि तिथून हे गॉगल बाजारात आले. नुसती रंगीत काच मात्र सगळाच प्रकाश सारखा कमी करते. चमकही कमी, मासाही कमी. म्हणून काच कितीही काळी असली तरी तळ दिसत नाही.

आता तपासायचं कसं. दुकानदाराचं कार्ड बाजूला ठेवायला सांगा आणि त्याचा हिशेबाचा कॅल्क्युलेटर मागा. प्रत्येक स्टॉलवर असतोच. त्याच्या पडद्यावरून येणारा प्रकाशही एकाच दिशेचा असतो. कॅल्क्युलेटर चालू करून त्याच्यासमोर गॉगल धरायचा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूहळू फिरवायचा. पोलराइज्ड काच असेल तर एका ठिकाणी पडदा पार काळा होतो. साधी काच कशीही फिरवा, पडदा तसाच राहतो. बऱ्याचशा मोबाइलच्या पडद्यावरही हे दिसतं, पण काही मोबाइलवर असा पडदा मुद्दाम बसवलेला असतो की गॉगल घालूनही नीट दिसावं, म्हणून एकट्या मोबाइलवर विसंबू नका. कॅल्क्युलेटर भरवशाचा. आणि हे करायचं ते आपल्याला मिळणाऱ्याच पीसवर, स्टिकर काढून. स्टिकर काढू देत नसेल तर पैसे काढायचे नाहीत.

इथेच थांबू नका, कारण दुसरा प्रकार आणखी वाईट आहे. यात्रेनंतर मी ऑनलाइन एक गॉगल मागवला. कॅल्क्युलेटरचा पडदा काळा झाला, डब्यात आलेल्या कार्डावरचा मासाही दिसला. पाण्यावर गेलो तर डावा डोळा मिटला की ठीक, उजवा मिटला की चमक जशीच्या तशी. काचेत पडदा होता, पण डाव्या काचेत तो वाकडा बसवलेला होता. तो उभ्या दिशेलाच बसायला हवा. आडवा बसला तर नेमकी चमकच आत सोडतो. असा माल कारखान्यातच बाजूला काढायला हवा. तो ‘फिशिंग स्पेशल’ म्हणून डबाबंद करून पाठवणं ही फसवणूकच. कार्ड आणि कॅल्क्युलेटर हे पकडू शकत नाहीत, कारण पडदा वाकडा असला तरी कार्डावर काहीतरी उमटतंच आणि कॅल्क्युलेटर कोणत्या ना कोणत्या कोनात काळा होतोच.

त्यासाठी दुकानाच्या काउंटरची आडवी काच घ्या, किंवा चकचकीत फरशी. तिच्यावर उजेडाची चमक पडलेली असेल तिथे तिरकं पाहा. गॉगल घालून चमक गेली पाहिजे. मग डोकं खांद्याकडे कलवा, किंवा गॉगल हातात धरून उभा करा, चमक परत आली पाहिजे. एक-एक डोळा मिटून दोन्ही काचा वेगवेगळ्या तपासा. स्टीलच्या ताटावर किंवा आरशावर हे करू नका. धातूवरून येणाऱ्या चमकेला ही दिशा नसते, आणि चांगला गॉगलही नापास ठरेल. काही विक्रेते मुद्दाम स्टीलवर दाखवतात आणि म्हणतात, “बघा, कुठल्याच कंपनीच्या गॉगलने जात नाही.”

डोळ्यांचं नुकसान हा भाग मला पैशापेक्षा मोठा वाटतो. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण डब्यावर त्या एकत्र छापून विकल्या जातात. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची काच बिनरंगाची असली तरी ते बहुतेक अडवते. उलट काळी पण हे किरण न अडवणारी काच घातली तर अंधार वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्तच आत जातात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दिवसांत, खालून पाण्याची चमक आणि वरून ऊन, असे तासन् तास होडीवर बसणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढलेलं मी पाहिलंय, आणि सततचं ऊन हे त्याचं एक कारण मानलं जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत अतिनील किरण मोजायचं यंत्र असतं; काच त्यावर धरली की मिनिटभरात कळतं. गळ टाकणाऱ्यांनी खऱ्या काचेचा गॉगल टाळावा. अडकलेला गळ ओढताना सुटला की शिसं थेट तोंडावर येतं, आणि पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही.

रंगाबद्दलही खूप थापा मारतात. ‘निळा आरसा लावलेली काच सर्वात भारी’ असं मला सांगितलं होतं. आरशाचा तो थर उजेड थोडा कमी करतो, चमक कापण्याचं काम आतल्या पडद्याचं. तापी, पांझरा, गिरणेच्या उथळ, किंचित गढूळ पाण्याला तांबूस किंवा तपकिरी काच बरी, तळ आणि मासा वेगळा उठून दिसतो. उकाई धरणाच्या नवापूरकडच्या फुगवट्यावर किंवा हतनूर धरणाच्या उघड्या पाण्यावर भर दुपारी राखाडी बरी, रंग खरे दिसतात. पहाटे आणि सांजवेळी पिवळी. पावसाळ्यात तापीला लाल पाणी आलं की कुठलाच गॉगल काही दाखवत नाही, कारण माती ही चमक नाही. ‘पुराच्या पाण्यातही मासा दिसेल’ म्हणणारा उघड खोटं बोलतोय.

चांगला गॉगल मिळाला की उन्हाळ्यात तळावर चिलापीने खोदलेले गोल खड्डे दिसतात, श्वास घ्यायला वर येणारी मरळ वर येण्याआधीच दिसते. एक विनंती मात्र आहे. मरळीच्या आजूबाजूला लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिला सोडा. ती पिल्लं राखत असते.

ऑनलाइनच्या गॉगलचे पैसे मला परत मिळाले. विक्रेत्याने आधी उत्तरच दिलं नाही, मग ‘वापरलेला माल परत होत नाही’ असं कळवलं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डब्याचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि काउंटरच्या काचेवर प्रत्येक काचेतून काढलेला व्हिडिओ जोडला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. हे नियम नाव घेऊन लिहिल्यावर विक्रेत्याची भाषा बदलली. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. परताव्यासाठी कुणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

यात्रेतल्या ८५० रुपयांचं मात्र काही झालं नाही, कारण तक्रार कुणाविरुद्ध करायची तेच त्या चिठ्ठीवर नाही. म्हणून गॉगल ३०० चा असो की ३,००० चा, बिलावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि ‘पोलराइज्ड, यूव्ही ४००’ हे शब्द त्याच्याकडून हाताने लिहून घ्या. तापीकाठच्या त्या पोरांना मी आता हेच सांगतोय, आणि गॉगल घ्यायला जायचं असेल तर त्यांच्यासोबत दुकानात जातोय.